बीम कुठे थांबतो, हे कोण ठरवणार?

"मॉडेलमधले सांधे घासत बसू नका, फॅब्रिकेटर बघून घेईल." स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या ऑफिसात वर्षभर काढलेल्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. बोलणारा बहुधा मुरलेला असतो आणि ऐकणारा नुकताच कॉलेजातून आलेला, त्यामुळे वाद होत नाही. पोरगा मान डोलावतो आणि पुढच्या बीमकडे वळतो. माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे. सांधा साफ करणं म्हणजे मॉडेलला रंगरंगोटी करणं, असं तो देणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

त्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते अगदीच पोकळ नाही. इमारतीचं गणित मध्यरेषांवर चालतं. स्टॅड या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये बीम म्हणजे दोन नोडमधली एक रेषा. तिला फ्लँज नाही, वेब नाही, टोक नाही. दोन रेषा एका नोडवर भेटल्या की बल इकडून तिकडे जातं आणि हिशेब पुरा होतो. मग थ्रीडी मॉडेलमध्ये एक बीम दुसऱ्याच्या पोटात पाच-सात सेंटिमीटर घुसलेला दिसला, तर बिघडलं कुठे? वजनात पडणारा फरक नगण्य. एकास शंभरच्या ड्रॉइंगवर तो नजरेलाही येत नाही. खरं कटिंग शेवटी शॉप ड्रॉइंगवरून होणार. शिवाय हल्लीची सॉफ्टवेअर टोकं आपोआप छाटतात, आणि उरलंसुरलं साइटवरचा वेल्डर जुळवून घेतो. पगारी माणसाचे तास यात घालणं म्हणजे निव्वळ हौस.

वजनाचं म्हणणं मला मान्य आहे. आयएसएमबी ३०० मीटरला ४४.२ किलो भरतो, म्हणजे तीन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तर सव्वा किलोच्या आसपास फरक पडेल. त्यावर कुणी भांडू नये. बाकीचं मात्र एकेक करून तपासलं पाहिजे, आणि त्यासाठी हवेत बोलण्यापेक्षा एक सांधा हातात घेतलेला बरा.

मेझनाइन मजल्यावरचा अगदी रोजचा सांधा घेऊ. मुख्य गर्डर आयएसएमबी ४५०, त्याला काटकोनात येणारा दुय्यम बीम आयएसएमबी ३००. वर चेकर्ड प्लेट बसायची आहे, म्हणून दोघांचा माथा एकाच पातळीत. दोन गर्डरमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ५००० मिमी. आकडे जुन्या स्टील टेबलमधले घेतो, कारण या धंद्यातल्या निम्म्या लोकांना ते अजून तोंडपाठ आहेत.

मॉडेलमध्ये दुय्यम बीम गर्डरच्या मध्यरेषेपर्यंत ओढलेला असतो. गर्डरचा फ्लँज १५० मिमी रुंद, म्हणजे मध्यापासून कड ७५ वर. तेवढा भाग एकमेकांत घुसलेला आहे. नवख्या पोराला कुणी 'साफ कर' म्हटलं तर तो ऑटोकॅडमध्ये सबट्रॅक्ट मारतो, म्हणजे बीममधून गर्डरचा आकार वजा करून टाकतो. पडद्यावर फार देखणं दिसतं ते. गर्डरच्या फ्लँजची खालची बाजू उतरती, तर बीमचा काप तसाच उतरता. मुळाशी १५ मिमीची गोलाई, तर काप तिथे गोल. वेबशी सपाट. मधून केससुद्धा जाणार नाही.

हा बीम बनवायला बँडसॉ उपयोगाचा नाही, कारण सॉ सरळ कापतो. गॅसवाला कसलेला असेल तर ती वळणं कशीबशी काढेलही. समजा काढली. आता तो बीम क्रेनला लटकवू.

गर्डरची वेब ९.४ मिमी जाड, म्हणून दोन वेबमधली मोकळी जागा ४९९०.६ मिमी. सबट्रॅक्टनं दिलेल्या बीमची लांबीही नेमकी तेवढीच. पण गर्डरच्या वरच्या फ्लँजांच्या कडांमध्ये जागा आहे फक्त ४८५० मिमी. त्यामुळे बीम वरून सरळ खाली येतच नाही. तो आडवा तिरका करून दोन फ्लँजांच्या मधून खाली घ्यायचा आणि मग वळवून रेषेत आणायचा. वळवताना आड येतो तो त्याच्या खालच्या फ्लँजचा कर्ण, या कोपऱ्यापासून त्या टोकाच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंतचा. फ्लँज १४० मिमी रुंद आहे. गणित करा: कर्ण येतो ४९९२.६ मिमी, आणि जागा आहे ४९९०.६. दोन मिलिमीटरनं बीम अडकला. पडद्यावर केस जाणार नाही इतका अचूक बसलेला बीम प्रत्यक्षात कधीच बसू शकत नाही, आणि हे कळतं तेव्हा तो दहा मीटर उंचीवर असतो, क्रेनचं भाडं तासावर चाललेलं असतं.

जाणता डिटेलर काय करतो? दोन्ही टोकं वेबपासून दहा-दहा मिलिमीटर मागे घेतो. ५००० मधून ९.४ आणि २० गेले, उरले ४९७०.६, म्हणून बीम ४९७०. गर्डरच्या माथ्यापासून फ्लँजची जाडी आणि मुळाची गोलाई संपते ३५.४ मिमीवर, म्हणून बीमला वरून खाच ४० मिमी खोल. खाचेची लांबी टोकापासून ७५ मिमी, म्हणजे गर्डरच्या फ्लँजची कड ओलांडून १५ मिमी मोकळे राहतात. खाचेचा आतला कोपरा काटकोनी ठेवायचा नाही. तिथे आधी भोक पाडायचं आणि दोन्ही काप त्या भोकापाशी आणून थांबवायचे, नाहीतर त्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो. एवढं केल्यावर हा सांधा पडद्यावर पहिल्याइतका गोजिरवाणा दिसत नाही. फटी दिसतात, खाच चौकोनी आणि ओबडधोबड वाटते. पण साफ सांधा तो हाच. शिंप्यानं कापडात माया ठेवली म्हणून कुणी त्याला ढिसाळ म्हणत नाही.

ते दहा मिलिमीटर काही डिटेलरची लहर नव्हेत. गिरणीतून येणारं सेक्शन कागदावरच्या मापाचं कधीच नसतं. त्याला किती सूट द्यायची हे आयएस १८५२ मध्ये लिहिलेलं आहे, आणि फॅब्रिकेशनच्या चुकभुलीसाठी आयएस ७२१५ आहे. गर्डर स्वतः दोन-तीन मिमी तिरका उभा असू शकतो. त्यावर रंग किंवा गॅल्व्हनायझिंग चढतं. हे सगळं मावायला कुठेतरी जागा हवी, आणि ती आधीच ठरवून ठेवलेली बरी.

तर सांधा साफ करणं म्हणजे अखंड कोण जाणार, थांबणार कोण, किती अलीकडे थांबणार आणि किती कापलं जाणार, हे ठरवणं. "फॅब्रिकेटर बघून घेईल" म्हणताना हे ठरवणं आपण दुसऱ्याच्या गळ्यात मारत असतो. आणि यातलं बरंचसं फॅब्रिकेटरचं नाहीच, ते तुमच्या गणिताचं आहे.

पुन्हा त्याच खाचेकडे या. खाच मारल्यावर बीमच्या टोकाशी वरचा फ्लँज शिल्लक नाही. उरला वेब आणि खालचा फ्लँज मिळून २६० मिमी उंचीचा भाग. स्टॅडमध्ये तुम्ही तपासलेला आयएसएमबी ३०० त्या जागी अस्तित्वातच नाही. तिथे ब्लॉक शिअर बघावा लागतो, आयएस ८००:२००७ मध्ये त्याचं कलम आहे, ६.४. ते बघायला बोल्टची भोकं कुठे आहेत हे माहीत हवं. २० मिमीच्या बोल्टला भोक २२ चं. हातानं गॅस मारून कापलेली कड असेल तर भोकाचा मध्य कडेपासून निदान भोकाच्या व्यासाच्या १.७ पट, म्हणजे ३७.४ मिमी आत. खाच ४० खोल आहे, म्हणून पहिला बोल्ट माथ्यापासून ८० वर, पुढचे १४० आणि २०० वर. आता फॅब्रिकेटरनं 'बघून घेतलं' आणि सोयीसाठी खाच ६० खोल मारली, पण बीमला गर्डरशी जोडणारी क्लीट आधीच ड्रिल झालेली असल्यामुळे भोकं जिथल्या तिथे ठेवली, तर वरच्या बोल्टला कडेपर्यंत उरले २० मिमी. भोकाची त्रिज्या ११. म्हणजे भोक आणि खाच यांच्यामध्ये राहिलं ९ मिमी लोखंड. तुमची गणितं बरोबर होती. फक्त ती दुसऱ्याच बीमची होती.

मध्यरेषेचा आधार घेणाऱ्यांना आणखी एक विचारावंसं वाटतं. ब्रेसिंगची मध्यरेषा कॉलम आणि बीमच्या मध्यरेषा जिथे छेदतात तिथेच येते, हे स्टॅडनं मानलं. गसेट प्लेटला जागा पुरेना म्हणून मॉडेलमध्ये तो ब्रेस ६० मिमी बाजूला सरकला. ब्रेसमध्ये १०० किलोन्यूटन बल असेल तर हिशेबात कुठेच नसलेला ६ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट सांध्यात येऊन बसला. तो कुणी धरायचा? मध्यरेषांच्या गणितावर ज्याचा एवढा विश्वास आहे, त्यानं तर त्या रेषा प्रत्यक्ष लोखंडात एकत्र येतात की नाही हे सगळ्यांत आधी बघायला हवं.

'सॉफ्टवेअर आपोआप करतं' हा युक्तिवाद हल्ली जोरात आहे, आणि मला त्याची चीड येते ती तो अर्धा खरा असल्यामुळे. रेव्हिटमध्ये स्टीलचा बीम गर्डरला भिडवला की त्याचं टोक आपसूक थोडं मागे सरतं. छान. पण किती मागे, हे टेम्प्लेट बनवणाऱ्यानं कधीतरी भरून ठेवलेल्या आकड्यावर अवलंबून. तो आकडा तुमच्या सांध्याला लागू आहे का, हे रेव्हिट विचारत नाही. त्याहून मजेशीर प्रकार म्हणजे कोर्स डिटेलच्या प्लॅनमध्ये बीमच्या रेषेच्या टोकाशी दिसणारी फट. ती सेटिंगमधून येते आणि केवळ कागदावर बीम वेगळे दिसावेत म्हणून असते. खऱ्या लोखंडातल्या फटीशी तिचा संबंध नाही. प्लॅनवर ती नेटकी फट बघून 'सांधे झालेत' असं सांगणारे लोक मी पाहिले आहेत.

टेक्लामध्ये बीमचं टोक छाटायचे दोन मार्ग समोर असतात, फिटिंग आणि लाइन कट. पडद्यावर दोघांचा परिणाम हुबेहूब सारखा. पण फिटिंग बीमचं टोकच हलवतं, तर लाइन कट नुसता तुकडा उडवतो. सीएनसी मशीनला जाणारी डीएसटीव्ही फाइल काढायची असेल तर फिटिंग वापरा, लाइन कटनं काही वेळा बीमची लांबी चुकीची जाते, असं टेक्लाच्याच मार्गदर्शनात सांगितलेलं आहे. म्हणजे दोन सांधे सारखेच साफ दिसतात, आणि त्यातला एक मशीनला भलतीच लांबी सांगू शकतो. हे नजरेनं ओळखता येत नाही. कुठला वापरला आणि का, हे काढणाऱ्यालाच ठाऊक असावं लागतं.

मग क्लॅश चेक चालवू, म्हणतात. अवश्य चालवा. पण क्लॅश चेक एकमेकांत घुसलेल्या वस्तू पकडतो. नुसत्या चिकटलेल्या वस्तूंबद्दल तो तक्रार करत नाही. वर सांगितलेला, दोन मिलिमीटरनं अडकणारा बीम क्लॅश चेकमधून शून्य चुका घेऊन बाहेर पडतो. रिपोर्ट हिरवा.

चौकोनी पाइपच्या फ्रेममध्ये हाच प्रकार वेगळ्या रूपात भेटतो. सॉलिडवर्क्सच्या वेल्डमेंटमध्ये कोपऱ्यावर मायटर निवडलं की दोन पाइप ४५ अंशांत असे मिळतात की बघत राहावं. १०० मिमीच्या पाइपला मायटरचा काप १४१ मिमी लांब होतो. सॉ एक अंश चुकला तर त्या कापाच्या दुसऱ्या टोकाला अडीच मिमीची फट, आणि दोन्ही पाइप एकाच बाजूला चुकले तर पाच. वेल्डर ती भरतो, भरताना फ्रेम ओढली जाते, मग दार चौकटीत बसत नाही. त्याच कोपऱ्यात एक पाइप अखंड नेला, दुसरा सरळ कापून त्याला भिडवला आणि उघड्या तोंडावर छोटी प्लेट ठेवली, तर काम निम्म्या कटकटीत होतं. दिसायला थोडं डावं, इतकंच. जिथे कोपरा लोकांच्या डोळ्यांसमोर असेल तिथे मायटर जरूर करावं, पण ते निवडून करावं, सॉफ्टवेअरनं आधी दाखवलं म्हणून नव्हे.

आणि पाइप गॅल्व्हनायझिंगला जाणार असेल तर पूर्ण बंद कोपरा धोक्याचा आहे. जस्ताचं तापमान साडेचारशे अंशांच्या आसपास असतं. बंद पाइपमध्ये हवा किंवा ओल अडकली तर ती फुगते आणि पाइप फुटू शकतो, शेजारी माणसं उभी असताना. म्हणून हवेसाठी आणि जस्त निथळण्यासाठी भोकं ठेवावी लागतात. ही भोकं कुठलंही सॉफ्टवेअर स्वतःहून देत नाही. मॉडेलमध्ये चहूबाजूंनी बंद, नितळ दिसणारा कोपरा म्हणजे कुणीतरी विचार करायचा राहिलाय याची खूण.

काँक्रीटमध्ये गोष्ट उलटी, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही. तिथे बीम आणि कॉलम एकत्रच ओतले जातात, फट ठेवायचा प्रश्न नाही. पण मॉडेलमध्ये दोन्हींची भूमिती जोडलेली नसेल तर सामायिक भाग दोनदा मोजला जातो. ४५० मिमी खोलीच्या कॉलमच्या मध्यापर्यंत ३०० बाय ६०० चा बीम नेला, तर एका टोकाला ०.०४०५ घनमीटर जास्त. एका मजल्यावर अशी ४० टोकं असली तर १.६२ घनमीटर. 'वजनात नगण्य फरक' म्हणणाऱ्यांनी हे काँक्रीट कुणाच्या बिलात टाकायचं ते सांगावं.

आता या सल्ल्यातला सगळ्यांत लाडका भाग: साइटवर जुळवून घेतात. घेतात, हे खरं. उंचीवर बेल्ट बांधून बसलेला माणूस गॅसनं भोक ओढतो, फ्लँजची कड खातो, जिथे बोल्ट यायचा तिथे उभ्या-उभ्या वेल्ड मारतो, गॅल्व्हनायझिंग जाळतो आणि वर सिल्व्हर पेंट फासतो. त्याच्या हाताला मी नाव ठेवत नाही. आपण ऑफिसात एसीत बसून न घेतलेला निर्णय तो उन्हात घेतो, आणि त्याला तो घ्यायला ना तक्ता दिलाय ना वेळ.

शिवाय जुळवून घेणारा माणूस अगदी शहाणा असला तरी काय होऊ शकतं, याचं उदाहरण या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात लॉबीवर अधांतरी पूल टांगलेले होते. चौथ्या मजल्याचा पूल आणि त्याच्या थेट खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ ड्रॉइंगमध्ये छतातून येणारी एकच अखंड सळई वरच्या पुलाच्या आडव्या बीममधून आरपार जाऊन खालच्या पुलापर्यंत पोचत होती, आणि प्रत्येक पूल आपापल्या नटवर बसलेला. कागदावर याहून सुटसुटीत सांधा नाही. पण वरच्या पुलाचा नट जागेवर न्यायचा तर खालच्या टोकापासून तिथपर्यंत सळईला आटे पाडावे लागणार, आणि ते आटे उभारणीत खराब होणार. फॅब्रिकेटरची हरकत रास्त होती. त्यानं 'बघून घेतलं': एका सळईच्या दोन केल्या. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत, शेजारच्या भोकातून. त्यामुळे खालच्या पुलाचं वजनही वरच्या पुलाच्या बीमवर लटकलं आणि वरच्या नटवरचं बल दुप्पट झालं. तो बीम म्हणजे दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली पेटी, आणि भोक नेमकं त्या वेल्डच्या रेषेवर. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी लॉबीत नाचगाण्याचा कार्यक्रम चालू असताना नट पेटी फाडून वर निघाला. ११४ माणसं मेली.

चौकशीत जे बाहेर आलं ते या लेखाच्या विषयाचंच आहे. इंजिनीअरला वाटलं सांध्याचं डिझाइन फॅब्रिकेटर करेल. फॅब्रिकेटरनं ड्रॉइंगचं काम बाहेरच्या डिटेलरला दिलं, आणि त्यानं धरलं की सांध्याचं डिझाइन झालेलंच आहे. शॉप ड्रॉइंग इंजिनीअरकडून शिक्का मारून परत आली. सांध्याचं गणित कुणीच केलं नव्हतं. नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सनं तपासलं तेव्हा मूळ सांधासुद्धा शहराच्या नियमांना लागणाऱ्या ताकदीच्या साधारण ६० टक्केच निघाला, आणि बदललेला त्याच्या जेमतेम निम्मा. मिझुरी राज्यानं जबाबदार इंजिनीअरांचे परवाने रद्द केले.

यावर हमखास उत्तर येतं की ते कागदी ड्रॉइंगचे दिवस होते, आता थ्रीडीत असं होणार नाही. मला उलट वाटतं. कागदावर अर्धवट सांधा अर्धवट दिसायचा. रेषा मध्येच थांबलेली, शेजारी 'डिटेल नंतर' असं लिहिलेलं. मॉडेलमध्ये न ठरवलेला सांधाही पूर्ण झाल्यासारखा दिसतो. दोन घन आकार एकमेकांत घुसले की ते जोडलेलेच वाटतात, आणि मॉडेल फिरवून दाखवलं की मालकही खूश. सांधा गृहीत धरण्याचं दुसरं उदाहरण हयातनंतरचं. मिनिआपोलिसमध्ये १ ऑगस्ट २००७ ला मिसिसिपीवरचा आय-३५डब्ल्यू पूल कोसळला, १३ लोक गेले. कारण निघालं गसेट प्लेटची जाडी, अर्धा इंच, हवी त्याच्या साधारण निम्मी. पूल १९६७ पासून वापरात होता, आणि पुढच्या सगळ्या वर्षांत ताकद मोजताना लोकांनी बीम-दांडे मोजले, ते जिथे भेटतात त्या प्लेटा बरोबर असणारच असं धरून चालले.

आपल्याकडे या सल्ल्याला आणखी एक पदर आहे. पुण्यात आणि इतर शहरांत बसून अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या इमारतींचं डिटेलिंग करणारी बरीच ऑफिसं आहेत. तिकडचा इंजिनीअर सांधा अर्धवट सोडतो, इकडच्या डिटेलरला फट किती, खाच किती, अखंड कोण, हे कळत नाही. तो आरएफआय, म्हणजे खुलासा मागणारं पत्र, पाठवतो. अमेरिकेत तेव्हा रात्र असते. उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, तेही बऱ्याचदा "स्टँडर्ड प्रॅक्टिसप्रमाणे करा" असं. कुणाच्या प्रॅक्टिसप्रमाणे? तिकडे डब्ल्यू सेक्शनचे फ्लँज सपाट असतात, आपल्या आयएसएमबीचे उतरते. तिकडच्या सवयीनं मोजलेली खाच इकडच्या सेक्शनला तशीच लावता येत नाही, आणि इकडची तिकडे नेली तर नाहक जास्त लोखंड कापलं जातं.

थोडं त्यांच्या पदरातही टाकतो. इमारतीचा आराखडा रोज बदलतोय, कॉलम आज इथे उद्या तिथे, अशा काळात सांधे साफ करणं खरोखरच वेळेची नासाडी आहे. तेव्हा बीम एकमेकांत खुशाल घुसू द्यावेत. बोल्टचे आटे आणि वेल्डचे मणी मॉडेलमध्ये काढणारे उत्साही लोक असतात, त्यांना वेळीच आवरावं. आणि ठरलेल्या सांध्याचे शंभर नग टेक्लाच्या कनेक्शननं एका फटक्यात बसवायला माझी काहीच हरकत नाही. पहिला नग माणसानं बघितलेला असला म्हणजे झालं.

खरी अडचण आळसाची नाही, पैशाची आहे. आपल्याकडे डिटेलिंगचा दर पुष्कळदा टनावर ठरतो. वरचा ४९७० मिमीचा बीम २२० किलोचा. तो मॉडेलमध्ये काढायला दोन क्लिक. त्याच्या टोकाची क्लीट दोन-तीन किलोंची, आणि सगळा विचार तिच्यात. टनावर पैसे घेणारा माणूस ज्याला डोकं लागत नाही त्याचे पैसे घेतो, आणि ज्याला लागतं ते जवळजवळ फुकट करतो. अशा व्यवहारात कुणीतरी "सांधे घासत बसू नका" म्हणणारच. म्हणून माझी मागणी व्यवहाराचीच आहे. निविदेत सांध्यांसाठी वेगळी ओळ असावी. जनरल अरेंजमेंटची ड्रॉइंग बाहेर पडण्याआधी कामात येणाऱ्या सांध्यांच्या नमुन्यांचा एक कागद इंजिनीअरनं स्वतः सही करून द्यावा: प्रत्येक प्रकारात अखंड कोण, फट किती, खाच किती, पहिला बोल्ट कुठे, बल किती. मध्यम आकाराच्या शेडला असे दहा-बारा नमुने पुरतात, आणि ते काढायला एका माणसाला दोनेक दिवस लागतात. "फॅब्रिकेटर बघून घेईल" म्हणणाऱ्यांनी ते दोन दिवस वाचवून पुढे किती घालवले, ते त्यांच्याच आरएफआयच्या फायलीत तारखांसकट लिहिलेलं असतं.